सप्रेम भेट : आहेरापासून ग्रंथापर्यंत

आपल्या वाचनालयातील जुन्या कपाटांतून एखादे पुस्तक काढावे आणि मुखपृष्ठ उलटावे, तो पहिल्या कोऱ्या पानावर फिकट झालेल्या शाईत दोन-तीन ओळी दिसतात. कोणी मॅट्रिक झालेल्या भाचीस दिलेली भेट, कोणी सासरी निघालेल्या लेकीस, तर कोणी मुंजीच्या बटूस. ग्रंथालयाच्या नोंदवहीत या ओळींना स्थान नाही. तरी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या ओळींइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. शतकमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने या 'सप्रेम भेटी'ची पूर्वपीठिका पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देण्याघेण्याविषयी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. आहेर, वाण, ओटी, ओवाळणी, नजराणा, खिलत, दक्षिणा, बक्षीस, भेट. मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आहेराची नोंद वहीत होते आणि परतीचा आहेर मनात धरूनच तो स्वीकारला जातो. संक्रांतीचे वाण 'लुटावयाचे' असते. घरी आलेल्या प्रत्येक सुवासिनीस तेच, कमी नाही की जास्त नाही. दरबारी पोशाख आणि शेलापागोटे यांचे मोल घेणाऱ्याच्या मानमरातबाप्रमाणे ठरे. आहेरात नाते, वाणात प्रथा आणि पोशाखात दर्जा बोलतो. घेणारी व्यक्ती कोण आहे, तिला काय आवडते, तिला कशाची उणीव आहे, हा प्रश्न यांपैकी कोठेच मुख्य नसतो. तो प्रश्न जेथे प्रथम विचारला जातो, तेथून खऱ्या अर्थाने 'भेट' सुरू होते.

ग्रंथ देण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात रचलेल्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त दानाला एक स्वतंत्र खंड वाहिलेला असून त्यात विद्यादानाचा, म्हणजे पोथी लिहवून घेऊन ती देण्याचाही, विचार आहे. मुद्रणापूर्वीच्या काळात पोथी देणे म्हणजे कोणाच्या तरी कित्येक महिन्यांचे श्रम देणे होते. लेखक शेवटच्या पानावर पाणी, तेल आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपण्याची विनवणी करीत, ती उगीच नव्हे.

पुढे राजाश्रयाने विद्वानांस दक्षिणा देण्याची प्रथा आली. श्रावणमासातील ही दक्षिणा प्रथम तळेगावकर सेनापती दाभाडे यांच्याकडे वाटली जात असे. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि त्यानंतर ही परंपरा पेशव्यांनी पुण्यास चालविली. डभई आपल्या वडोदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि गायकवाड हे मूळचे दाभाड्यांचेच सरदार. त्यामुळे पुण्याच्या दक्षिणेचा धागा आपल्या अंगणातून गेला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विद्येचा गौरव हा या दक्षिणेचा मूळ हेतू. परंतु घेणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, तशी विद्येची पारख मागे पडली. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने दक्षिणा काटछाट करून चालू ठेवली. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज करून त्या रकमेचा काही भाग चांगल्या मराठी पुस्तकांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, अशी मागणी केली. पुण्याच्या सनातन मंडळींत त्यावरून मोठा क्षोभ झाला; पण मागणी टिकली आणि तीमधूनच दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. ज्या दानाचा लाभ एका दिवसात संपत होता, त्यातून अनेकांच्या घरी जाऊ शकणारे पुस्तक निर्माण होऊ लागले.

या विचाराला राज्यकारभाराचे रूप दिले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांनी. १८९३ मध्ये अमरेली प्रांतात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. परंतु शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती वाचावयास काही नसेल, तर शिकलेली अक्षरे चार वर्षांत पुसली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना त्यांनी पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयासाठी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह देऊन टाकला. स्त्रियांसाठी व मुलांसाठी तेथे निराळे विभाग झाले, आणि जेथे ग्रंथालय नव्हते अशा खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या.

यातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. खेड्यातील ग्रंथालयास सरकारी मदत हवी असेल, तर आधी गावाने आपला वाटा उभा करावयाचा. मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावयाची, अशी पद्धत होती. राजाला सगळेच फुकट देता आले असते. पण ज्या भेटीत घेणाऱ्याचा हात लागलेला नाही, ती त्याची होत नाही, हे जाणणारा तो दाता होता.

याच वडोदऱ्यात १८८९ पासून गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांच्या सेवेत होते. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी जी टिपणे काढली, त्यांतून 'रियासती'चा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. तिचा पहिला भाग, 'मुसलमानी रियासत', १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून झालेले हे लेखन. याबाबतीत एक कबुली देणे मला भाग आहे. तरुणपणी मी एका पुतण्याच्या मुंजीत 'रियासती'चे दोन खंड मोठ्या अभिमानाने दिले होते. बटूचे वय आठ वर्षांचे! पुढे वीस-बावीस वर्षांनी ते खंड त्यांच्या घरच्या माळ्यावर मला जसेच्या तसे सापडले. माझ्या हस्ताक्षरातील ओळ सोडल्यास त्यांत कोणी काही वाचल्याची खूण नव्हती. पुस्तक थोर होते, देणाऱ्याची निवड मात्र चुकली होती. पुस्तक निवडताना मी माझी विद्वत्ता पाहिली, त्या मुलाचे वय पाहिले नाही.

उलट उदाहरणही घरातलेच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये निघाले आणि पाकक्रियांचे पुस्तक ही शिकलेल्या मुलीस देण्याजोगी वस्तू ठरली. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली, तेव्हा तर लग्नात 'रुचिरा' देण्याची प्रथाच पडली. वाटी-चमच्याच्या मापाने सांगितलेली कृती कोणाही नवख्या मुलीला जमे. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर आडवळणाच्या गावी. शेजारी मराठी घर नाही. आईने तिच्या रुखवतात चांदीच्या वाटीऐवजी 'रुचिरा' ठेवली, त्यावर दोन-चार नाके मुरडली गेली. पण प्रथम मोडून पडलेल्या भाकरीपासून पुढे सासूबाईंनी मागून घेतलेल्या पुरणपोळीपर्यंत ती प्रत बहिणीच्या सोबतीला होती. हळदीच्या बोटांनी तिची पाने पिवळी झाली आहेत. आईने मुलीच्या पहिल्या सहा महिन्यांचा विचार केला होता, त्याचेच हे फळ.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणाच्या फराळाला वाङ्मयाची जोड मिळाली. पुण्या-मुंबईचे नातलग टपालाने दिवाळी अंक धाडीत आणि एकच अंक आपल्या पोळांतून दहा घरे फिरून येई. परप्रांतात राहणाऱ्याला नातलगांनी मिठाईहून भाषा पाठवावी, यातील आपुलकी शब्दांत सांगणे अवघड आहे.

आज आपल्यापुढे उभा असलेला प्रश्न याच भाषेचा आहे. आपली नातवंडे गुजराती आणि इंग्रजी सफाईने वाचतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पान पुढे आले की अडखळतात. वाचनालयाला भेट म्हणून येणारी पुस्तके हल्ली वाढली आहेत, ही गोष्ट आनंदाची नाही. आजोबा गेल्यावर कपाट रिकामे करण्यासाठी पाठविलेले गठ्ठे त्यांत पुष्कळ असतात. त्यांचेही आपण आदराने स्वागत करतो. पण कपाट रिकामे करणे आणि भेट देणे यांत अंतर आहे.

म्हणून सभासद बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. येत्या वाढदिवसाला नातवासाठी पुस्तक घेण्यापूर्वी त्याला जवळ बसवून एक पान वाचून पाहावयास सांगावे. तो अडखळला, तर मोठे पुस्तक घेऊ नये. मोठ्या अक्षरांचे, पातळसे घ्यावे आणि रोज दोन पाने त्याच्यासोबत आपण वाचावीत. सयाजीरावांच्या योजनेप्रमाणे निम्मी ओळ त्याची, निम्मी आपली. आणि पहिल्या पानावर त्याचे नाव, तारीख आणि आपली सही घालण्यास विसरू नये. पुढेमागे ते पुस्तक या वाचनालयात आलेच, तर ते उघडणाऱ्याला कळेल की हे पुस्तक कोणी तरी कोणासाठी निवडले होते.