कुणाच्या पेटीत?

आमच्याकडे लग्नकार्याला चुलते-आत्या जमल्या की एक गोष्ट हमखास निघते. १९५२ साली आजी मत टाकायला गेली, यादी घेऊन बसलेल्या गुरुजींनी नवऱ्याचं नाव विचारलं आणि आजीनं तिथंच उखाणा घेतला. सगळे हसतात. शाळेत असताना मी आजीलाच खरंखोटं विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाचा उखाणा! मागं थोरली जाऊ हुती, तिनं सांगितलं त्यांचं नाव. माझं मातुर मी सांगितलं. सासरी आल्यापास्नं कुणी इचारलंच न्हवतं."

कराडच्या अलीकडचं आमचं गाव. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मत कुणाला, हे जमीनजुमला, कर आणि शिक्षण बघून ठरायचं. पणजोबा शेतसारा भरत म्हणून त्यांना मत होतं. त्यांच्याच शेतावर राबणाऱ्या गड्याला नव्हतं. पंधरा वर्षांनी तो गडी आणि पणजोबा एकाच रांगेत उभे राहिले. पणजोबांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणे. घरातली माणसं हा भाग सांगताना जरा चाचरतात, पण मला सगळ्या गोष्टीत तोच मोलाचा वाटतो.

त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांसाठी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगानं ही सोय केली होती. देशभरात वीस लाखांच्या आसपास पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. आजी सांगायची, काही बायकांनी काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीला हात जोडले, एकीनं तर फूल वाहिलं. मला ही भर घातलेली वाटायची. पण लोकांनी पेट्यांची पूजा केल्याचं आणि मोजणीच्या वेळी पेट्यांतून नाणी, अर्ज, चिठ्ठ्या निघाल्याचं खुद्द आयोगानंच नोंदवून ठेवलं आहे.

आणखी एक नोंद मात्र आजीला ठाऊक नव्हती. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. घरी आलेल्या कारकुनाला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. अशी नोंद चालणार नाही, असा आग्रह सेन यांनी धरला. बहुतेक बायका बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या. सेन कठोर वागले, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. मला ते बरोबर वाटतात, कारण पुढच्या निवडणुकीच्या यादीत यातल्या पुष्कळ बायका आपल्या नावानं आल्या.

१९५७ साल आमच्या घरात भांडणाचं. आजोबा संयुक्त महाराष्ट्र समितीचे. अत्र्यांचा 'मराठा' कुणीतरी कराडहून आणायचं आणि चावडीवर मोठ्यानं वाचायचं. समोर यशवंतराव चव्हाण, गावचेच म्हणावेत असे, द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. ते निवडून आले, पण अगदी थोडक्या मतांनी. आजोबांनी गावातलं एकेक मत बोटांवर मोजलं आणि शेवटी संशय घरातच येऊन थांबला. "तू कुणाच्या पेटीत टाकलंस?" आजीनं उत्तर दिलं नाही. आजोबा गेले तोवर दिलं नाही. मीही पुढं एकदा विचारून बघितलं, तर म्हणाली, "मग पडदा कशाला लावला हुता रं?"

त्याच गावात नंतर ग्रामपंचायत मात्र कितीतरी वेळा बिनविरोध झाली. देवळात चार कर्ती माणसं बसायची आणि नावं ठरायची. भांडणं टळतात, खर्च वाचतो, हे खरंच. पण त्या देवळातल्या बैठकीत आजी कधीच नव्हती, आणि मतदान नाही म्हणजे पडदाही नाही. पुढं काही ठिकाणी याच वाटेनं सरपंचपदाचे लिलाव झाले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथल्या निवडणुका त्यापायीच रद्द केल्या. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत, त्या देवळातच वाटल्या गेल्या तर काय उपयोग?

२०२४ च्या विधानसभेला आमच्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर मतदारसंघात जवळपास ८५ टक्के मतदान झालं. मुंबईच्या कुलाब्यात ४५ टक्केही नाही. रांगेत उभं राहायचा कंटाळा हे एक कारण असेलच. दुसरं कारण यादीत सापडतं. माझी एक चुलतभावजय लग्नानंतर कित्येक वर्षं मतदानाला गेली नाही, कारण नाव माहेरच्या यादीत आणि मतदानाच्या दिवशी माहेरी जायला सवड कुणाला?

स्थानिक निवडणुकांची एक गोम पुष्कळांना माहीत नसते. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. ठरलेल्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावं असतील, तीच प्रभागवार फोडली जातात. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती नाव चुकीच्या प्रभागात गेलं, लिहिण्यात चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीत असूनही सुटलं यासाठी. नवं नाव तेव्हा घालता येत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याला म्हणूनच रिकाम्या हातानं परतावं लागतं.

तेव्हा हे काम निवडणूक नसतानाच करून टाका. अठरा पूर्ण झालेल्या पोरांचा नमुना ६ भरा. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारीची वाट बघायची गरज नाही. घर बदललं असेल तर नमुना ८. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या आळीत ज्या सुना आल्या, त्यांना एकदा विचारा, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे?