झाकलेलं कोंबडं आणि उसातला बिबट्या

या भागाचं लेखी रूप खाली देतोय. बसमध्ये गोंगाट असेल, इअरफोन घरी राहिले असतील, तर निवांत वाचा.

आजची सुरुवात एका म्हणीपासून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शाळेत आपण सगळ्यांनी हिचा अर्थ पाच-पाच वेळा लिहिलाय. सत्य लपवलं तरी बाहेर येतंच, वगैरे. पण मला कधी बाईंना विचारायचं सुचलं नाही, की बाई, मुळात कोंबडं झाकायचंच कशाला? आणि कशाखाली?

निफाड तालुक्यात आमच्या आजीच्या घरी याचं उत्तर ओसरीच्या कोपऱ्यात पडलेलं असायचं. डालगं. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, घुमटासारखी मोठी टोपली. दिवेलागण झाली की आजी आतून ओरडायची, "झाकल्या का रं कोंबड्या?" मग आम्ही पोरं एकेक कोंबडी धरून डालग्याखाली सारायचो. वरून पाटा नाहीतर मोठा दगड. कोंबडी खुडूक बसली असेल तर तिच्यासाठी वेगळं डालगं. आजीच्या हातात येणारा रोख पैसा म्हणजे अंडी आणि सणाला विकला जाणारा एखादा कोंबडा. तो पैसा घरात कुणाला विचारून खर्च करावा लागत नसे. त्यामुळे एक कोंबडी गेली की आजी दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

म्हणजे म्हणीतलं झाकणं हे रोजचं काम होतं. आणि ते होतं शत्रूंपासून बचावासाठी.

आता थोडं मागे जाऊ. कोंबडी मूळची जंगलातली. तिचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो रात्री जमिनीवर झोपत नाही, झाडावर चढतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वात जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. संशोधकांचं म्हणणं असं, की माणूस भात पिकवायला लागला, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबड्या खाली उतरल्या आणि माणसाजवळ राहिल्या. थोडक्यात, दाण्याच्या बदल्यात कोंबडीनं झाड सोडलं. झाड सोडलं तेव्हा तिच्या रात्रीची जबाबदारी आपल्यावर आली. डालगं म्हणजे त्या जबाबदारीची पहिली पावती.

शत्रू कोण होते? दिवसा घार आणि मुंगूस. रात्री रानमांजर, कोल्हा, ऊदमांजर, अंडी-पिल्लांसाठी साप. या मंडळींना डालगं बऱ्यापैकी पुरायचं. पुढे दगड-मातीचं खुराडं आलं. भिंतीला टेकून बांधलेलं, बुटकं, पुढे फळीचं दार. मग आली तारेची जाळी. तिची गोष्ट मजेशीर आहे. षटकोनी भोकांची ही जाळी 1844 साली इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात चार्ल्स बार्नार्ड यांनी बनवली, तीही कापड विणायच्या मागावरून कल्पना घेऊन. आज हार्डवेअरच्या दुकानात तिला 'कोंबडी जाळी' म्हणतात. पण नावावर जाऊ नका. ही जाळी कोंबडीला आत ठेवते. दात आणि पंजे असलेल्याला बाहेर ठेवायची ताकद तिच्यात नाही. कुत्रं दोन झटक्यांत ती फाडतं.

आणि नाशिकमध्ये आता प्रश्न कुत्र्यापुरता राहिलेला नाही.

बिबट्या इथे नवा नाही. पण इंग्रजांच्या काळात सरकार वाघ-बिबटे मारणाऱ्याला बक्षीस द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा ऐका: 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात 80 हजारांवर वाघ आणि दीड लाखांवर बिबटे मारले गेले. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली.

त्याच शतकात नाशिकच्या मातीवर दुसरीच गोष्ट घडत होती. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. 1916 साली दारणा धरण पूर्ण झालं. कालवे निघाले. स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरण, मग निफाड, पळसे, राणवड इथले सहकारी साखर कारखाने. जिथे बाजरीची उघडी रानं होती तिथे ऊस उभा राहिला. बाजरी तीन महिन्यांत काढून होते. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. आत गारवा, पाणी जवळ, माणूस फिरकत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? आज ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. या बछड्यांनी जंगल पाहिलेलं नसतं. त्यांचं गाव म्हणजे आपलंच गाव.

मग हे बिबटे खातात काय? सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. शेतीच्याच भागात, जिथे दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं राहतात, तिथे 100 चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला तर 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा फक्त 11 टक्के! का? कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते. कुत्रं मोकळं फिरतं.

हा आकडा लक्षात ठेवा मंडळी. बिबट्या जे सहज मिळतं ते घेतो. दार बंद असेल तर तो पुढच्या घरी जातो.

आता तुम्ही म्हणाल, चार कोंबड्यांसाठी एवढं कशाला? गेल्या तर गेल्या. इथेच खरी मेख आहे. खुराडं असतं कुठे? घराच्या भिंतीला लागून. परसदारी, न्हाणीजवळ, जिथून पोरं अंधारात लघवीला जातात. बिबट्याला तिथे एकदा कोंबडी मिळाली की तो पुन्हा त्याच जागी येतो. कच्च्या दाराची किंमत एक कोंबडी नसते. त्या दारानं बिबट्याला आपल्या उंबऱ्यापर्यंतची वाट दाखवलेली असते.

आणि पुढची पायरी ठरलेली. गाव चिडतं, "पिंजरा लावा" म्हणतं. भीती खोटी नसते. नाशिक जिल्ह्यात बिबट्यानं लेकरं नेली आहेत. अशा घरासमोर कुणी आकडेवारी घेऊन उभं राहू नये. पण जुन्नरचा धडा विसरूनही चालणार नाही. तिथे 2001 पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम झाली. अत्रेय यांच्याच अभ्यासानुसार आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते नंतर सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. नरभक्षक ठरलेलं जनावर पकडावंच लागतं. पण दिसला की पकड, हे औषध रोगापेक्षा जड जातं. जानेवारी 2019 मध्ये नाशिक शहरात, गंगापूर रोड परिसरात बिबट्या शिरला, तेव्हा मागे धावणारी गर्दी पाहिली असेल तुम्ही. माणसं जखमी झाली ती त्या गोंधळात.

म्हणून खुराड्याकडे परत. गावी आई-वडिलांकडे कोंबड्या असतील तर आज फोन करून एवढं विचारा.

जाळी कोणती आहे? षटकोनी असेल तर तिच्यावर जाड तारेची वेल्डमेश लावा, भोक अर्ध्या इंचाचं. मुंगसाला एवढीशी फट पुरते. जाळी जमिनीत फूटभर गाडा, म्हणजे उकरून आत येता येत नाही. वर छत हवंच. बिबट्या उडी मारून पत्र्यावर चढतो, नुसता ठेवलेला पत्रा सरकतो. दाराला दोन कड्या. एक कडी पंजानं उघडते, हे पुष्कळांनी कोंबड्या गेल्यावर शिकलंय. कोंबड्या दिवेलागणीच्या आधी आत. खुराडं उसाच्या बांधापासून लांब, आजूबाजूचं गवत कापलेलं, वर एक दिवा. आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. उकिरड्यावर आधी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

खर्च येतो, मान्य. म्हणूनच ही गोष्ट एकट्या आजीवर सोडण्यासारखी नाही. गोठ्याला अनुदान मागणारी ग्रामसभा खुराड्याबद्दलही बोलू शकते.

शेवटी एक आठवण. इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या सुरुवातीला, आपल्याकडे वसुबारस असते त्या दिवशी, आदिवासी बांधव वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून विनवतात. त्यात वाघाला हाकलून देण्याची भाषा नाही. तू तुझ्या जागी, आम्ही आमच्या जागी, असा तो करार आहे. पण पूजा करून आल्यावर तीच माणसं गोठ्याचं दारही नीट लावतात, बरं का! करार पाळायचा तर आपल्या बाजूची कडी आपणच घालायची असते.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. पण नीट झाकलं, तर तांबडं फुटल्यावर आरवायला ते कोंबडं जागेवर असतं.

तुमच्या गावात डालग्याला काय म्हणतात आणि कोंबड्या कशा झाकतात, ते आजीला विचारून आम्हाला नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, कडी लावलीय ना?