माउलींनंतरची चौपन्न वर्षे

श्रीज्ञानेश्वर माउलींनी शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला संजीवन समाधी घेतली, हे वारकऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्या दिवशी नामदेवरायांचे वय काय होते, असे विचारले तर चांगल्या जाणत्या माळकऱ्यालाही बोटे मोजावी लागतात. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा. म्हणजे माउली एकवीस वर्षांचे आणि नामदेवराय सव्विसांचे. पुढे शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांनी पंढरीच्या महाद्वारात देह ठेवला. हिशेब करा. माउलींवाचून त्यांना चौपन्न वर्षे काढायची होती.

आपण कीर्तनकार मंडळी बहुधा समाधीपाशी थांबतो. प्रसंगच तसा आहे, त्याच्यापुढे बोलवत नाही. पण ज्याच्या वाट्याला ती चौपन्न वर्षे आली, त्याने त्यांचे काय केले, हा विचार माझ्या मनात अलीकडे फार घोळतो. त्याविषयी चार शब्द लिहितो.

आधी नामदेवराय मुळात कसे होते ते ध्यानात घेऊ. दामाशेटी आणि गोणाईचा हा मुलगा. घरी शिंप्याचा व्यवसाय, पण चित्त सगळे राउळात. पंढरी सोडायची म्हटले की यांचा जीव कासावीस व्हायचा. माउलींनी तीर्थयात्रेला चला म्हटले, तेव्हा हे देवाकडे पाहत राहिले. ‘तीर्थावळी’ वाचणाऱ्यांना हा भाग माहीत आहे. देवालाही यांना सोडवेना. शेवटी पांडुरंगाने यांचा हात माउलींच्या हाती दिला, मग पाऊल उचलले. वाटेतही पंढरीची आठवण काढून हे रडत आणि माउली समजूत घालत. ज्ञानाचा राजा आणि प्रेमाचा पुतळा अशी ती जोडी भरतखंडभर हिंडून पंढरीस परतली. देवाने मावंदे केले.

अशा माणसाचा हात धरणारा आळंदीला सिद्धेश्वरापुढे समाधीला बसला.

त्या दिवसाचे जे काही आपण जाणतो, ते नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांतून. त्यांच्या मुलांनी, नारा, विठा, गोंदा आणि महादा यांनी, समाधीची जागा झाडून स्वच्छ केली. एक हात देवाने धरला, एक निवृत्तिनाथांनी, आणि माउलींना आसनावर नेऊन बसविले. निवृत्तिनाथ बाहेर आले आणि शिळा लावली गेली. हे सारे नामदेवरायांनी डोळ्यांनी पाहिले, आणि पाहताना जे आत तुटत होते तेही लिहून ठेवले. कोण कुठे उभे होते, कोण रडले, सोपानदेव कसे झाले, मुक्ताई कशी झाली, यातले काही सोडले नाही. निवृत्तिनाथ तर साक्षात गुरू. त्यांचाही बांध फुटला, हेही झाकले नाही.

इथे कोणी म्हणेल, नामदेवराय तेव्हा अजून कच्चे होते म्हणून रडले. गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा सर्वांना पाठ असते ना! पण तो क्रम उलटा लावता येत नाही. गोरोबाकाकांनी मडके कच्चे ठरविले, त्यानंतर औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांनी ते भाजून पक्के केले, आणि परंपरेच्या कथनात हे सारे समाधीच्या आधीचे. देव पिंडीपुरता नाही हे पुरते कळलेला माणूस आळंदीला ओक्साबोक्शी रडला आहे. ते रडे अज्ञानाच्या खात्यावर कसे टाकणार?

हे इतके लांबवण्याला कारण आहे. आपल्याकडे दशक्रियेच्या प्रवचनाची रीत आहे. नदीकाठी, घाटावर, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत माणसे बसलेली असतात आणि प्रवचनकार आत्मा अमर आहे यावर घसरतो. गीतेचा दुसरा अध्याय सुरू होतो. सिद्धांत खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण समोर जिचे कपाळ नुकते मोकळे झाले ती बाई, तरणा मुलगा गेलेला तो बाप, यांना दहाव्या दिवशी ‘शोक करू नका’ असे बजावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? नामदेवरायांनी तो स्वतःवरही चालविला नाही. त्यांनी शोकाला पूर्ण जागा दिली, अभंगामागून अभंग दिले.

आणि संप्रदायाने ती जागा आजही मोडलेली नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीच्या वीणामंडपात समाधीच्या अभंगांवर कीर्तन होते, ते नामदास महाराजांकडे असते. नामदास म्हणजे नामदेवरायांचे वंशज. पंढरीहून पांडुरंगाची आणि नामदेवरायांची पालखी त्यासाठी आलेली असते. माध्यान्हीला घंटा वाजते, फुले पडतात, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या घटनेला माणसे आज घडल्यासारखी हुंदके देतात. पखवाज्याचे हातही त्या क्षणी जड झालेले मी पाहिले आहेत.

बरे, नामदेवरायांचे दुःख त्या एका दिवसात आटोपले असे झाले नाही. मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले. वैशाखात तापीतीरी मेहूणला मुक्ताई विजेच्या लोळात अंतर्धान पावली. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनी समाधी घेतली. सात-आठ महिन्यांत चौघेही भावंडे गेली आणि प्रत्येक ठिकाणी नामदेवराय हजर. एक ठिकाण आवरून दुसऱ्या ठिकाणी चालत जायचे, पुन्हा तेच पाहायचे.

त्याच १२९६ सालात अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. ज्या रामचंद्रराजाचा उल्लेख माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करताना केला, त्याच राजाला खंडणी मोजावी लागली. पुढे मलिक काफूर आला, आणि १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले. घरातले माणूस जावे आणि मागोमाग गावही ओळखू येऊ नये, असा तो काळ होता.

आता पाहा, पंढरी सोडताना रडणारे हे नामदेवराय पुढे उत्तरेत गेले. जो मुलूख पहिल्या यात्रेत माउलींच्या सोबतीने पाहिला होता, तिकडे माउलींवाचून गेले आणि त्याच्याही पलीकडे पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे ठिकाण. परंपरा अठरा-वीस वर्षे सांगते. एका रात्रीपुरतीही पंढरी ज्याला सुटत नव्हती, तो इतकी वर्षे जिथे मराठीचा एक शब्द कुणाला कळत नाही तिथे राहिला. त्यांनी तिथल्या लोकांच्या बोलीत पदे केली. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. आसा, सोरठ, धनाश्री, भैरव, मल्हार अशा रागांखाली ती लावलेली आहेत. भाषा तिकडची, पण मधूनच ‘बीठल’ असा शब्द येतो आणि आपण चमकतो. आमचा विटेवरचा देव शीखबांधवांच्या रोजच्या पाठात जाऊन बसला आहे! कबीरांनी नामदेवांचे नाव घेतले, रविदासांनी घेतले. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे होते. तुकोबांच्या वंशातल्या माणसाने नामदेवांच्या दारी मराठीचा उत्सव करावा, हा योग मला फार गोड वाटला.

विद्वान मंडळी विचारतात की गाथेतले नामदेव आणि पंजाबातले नामदेव एकच कशावरून. गाथेत मागाहूनच्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आहे हे खरे आहे, आणि ती निवडणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. परंतु त्या ६१ पदांत विठ्ठलाचे नाव आहे आणि गाणारा स्वतःला शिंपी म्हणवतो. मला एवढे पुरते.

पंजाबात जाण्याने आळंदीचे दुःख मिटले का? मला तसे वाटत नाही. मिटले असते तर समाधीच्या अभंगांना आजही ती धग राहती ना. माझा समज असा की, माउलींनी हात धरून त्यांना पंढरीबाहेर चालायला शिकविले होते. तो हात सुटला, चालणे राहिले. दुःख आणि चालणे दोन्ही एकाच देणगीतून आले, म्हणून एक टाकून दुसरे घेता आले नसते.

माझ्यापुरते सांगतो. चाळीसहून अधिक वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. सहा वर्षांमागे गळा गेला, वरची पट्टी लागेना, उभे राहिले की श्वास पुरेना, म्हणून गादी उतरलो. पहिली दोन आषाढी दिंडीत चालताना विणेकऱ्याकडे बघवत नव्हते. कोणी समजूत घालायला आले की बोलणे टाळत असे. आता गावातली पाच-सहा मुले संध्याकाळी येतात, त्यांना चाली सांगतो. गाऊन दाखविता येत नाही, म्हणून हाताने मात्रा मोजून सांगावे लागते. त्यातला एक पोरगा चाल चुकीची धरतो, पण त्या चुकीला स्वतःची अशी गोडी आहे. मी ती दुरुस्त करायची थांबवली आहे. गादीची आठवण येते. एकादशीला फार येते.

नामदेवरायांच्या उत्तरायुष्यातला एक प्रसंग सांगून थांबतो. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा सापडले. त्यांच्याबरोबर आणखी मजूर होते. कोणाची हाडे कोणती, हे ओळखण्यासारखे उरले नव्हते. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. तेव्हा त्यांची अडुसष्टी आली होती. ढिगाऱ्यातले एकेक हाड उचलून कानाशी लावायचे आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ते चोखोबांचे म्हणून वेगळे ठेवायचे, असे त्यांनी केले. देव पाठीशी होता असे आपण म्हणतो. होताच. पण उन्हात बसून, वाकून, ऐकत राहणारे कान म्हाताऱ्या नामदेवांचे होते. सव्विसाव्या वर्षी आळंदीला जो सुन्न होऊन उभा राहिला होता, त्याचेच.

त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी चोखोबांना राउळात पाऊल ठेवू दिले नव्हते. बारा वर्षांनी नामदेवरायांनी स्वतःसाठी जागा निवडली ती महाद्वाराची पायरी, चोखोबांच्या समोरची. आषाढीला गर्दीत ढकलले जात आपण दर्शनाला येतो, तेव्हा आधी चोखोबांपुढे वाकतो, मग दोन पावले टाकून पायरीला हात लावतो.