गादी, नस आणि बरणीवरचे लेबल

कमरेतून निघालेली कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत उतरते. कोणी म्हणते ‘नस दबली’, कोणी म्हणते ‘गादी सरकली’. ही दोन्ही वाक्ये आज आपल्या इतकी सवयीची झाली आहेत, की त्यांची सांगड घालायला वैद्यकाला १७० वर्षे लागली यावर विश्वास बसत नाही.

दुखणे मात्र जुनेच. चरकसंहितेत ते वातव्याधींमध्ये ‘गृध्रसी’ या नावाने येते. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असे सांगतात. ‘सायटिका’ हा शब्द खुब्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. त्यामुळे खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि पायात उतरणारी ही कळ यांची युरोपात शतकानुशतके गल्लत होत राहिली. १७६४ साली नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो याने ती सोडवली. हे दुखणे सांध्याचे नसून नसेचे आहे, असे त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहून मांडले. नसेच्या आवरणात द्रव साचत असावा, हे त्याने दिलेले कारण टिकले नाही. पण जागा बरोबर होती.

पुढचे पाऊल साध्या तपासणीने टाकले. रोग्याला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला, की कळ येते. सर्बियातील डॉक्टर आणि कथालेखक लाझा लाझारेविच याने १८८० मध्ये, तर पॅरिसच्या लासेग याच्या फोर्स्ट या विद्यार्थ्याने १८८१ मध्ये ही खूण नोंदवली. स्नायूंमुळे नस दाबली जाते, असे फोर्स्टला वाटले. नस ताणली जाते, असे लाझारेविच म्हणाला. त्याचेच म्हणणे खरे होते. पण नस मुळात दुखावते कशाने, हा प्रश्न उरलाच.

उत्तर पाठीच्या कण्यात होते. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिच्या कडेला चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ, पाणीदार गाभा असतो. कडे फाटले तर गाभा मागे डोकावतो. तेथूनच मज्जामुळे बाहेर पडतात, आणि कमरेच्या खालच्या भागातली मुळे एकत्र येऊन सायटिक नस बनते. म्हणजे गादी ‘सरकत’ नाही, ती फाटते.

फाटलेली गादी कोणी पाहिलीच नव्हती असे नाही. फिरशॉने १८५७ मध्ये शवविच्छेदनात ती पाहिली. ग्लासगोत १९११ मध्ये मिडल्टन आणि टीचर यांनी जड वजन उचलताना पाय लुळे पडून पुढे दगावलेल्या माणसाच्या कण्यात तिचा तुकडा दाखवला. बर्लिनच्या ओपनहाइम आणि क्राउझे यांनी तर १९०८ च्या सुमारास शस्त्रक्रियेने असा तुकडा काढून रुग्णाला बरे केले. पण त्यावर नाव लिहिले ‘कूर्चेची गाठ’! पुढे इतर शल्यविशारदांनीही असे तुकडे काढले आणि बहुधा तेच लेबल लावले. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने १९२९ मध्ये दोन रुग्णांतले तुकडे गादीचेच असल्याचे ओळखले. तरी तो दुर्मिळ प्रकार मानला गेला.

दरम्यान ड्रेस्डेनमध्ये श्मोर्ल हजारो कणे कापून गाद्यांचा अभ्यास करत होता. त्याच्याकडे कणे होते, पण रुग्ण नव्हते. शल्यविशारदांकडे रुग्ण होते, पण गाद्यांची ओळख नव्हती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हे दोन धागे जुळले. अस्थितज्ज्ञ जोसेफ बार आणि मेंदू-मज्जा शल्यविशारद विल्यम मिक्स्टर यांनी १९३२ मध्ये काढलेल्या एका ‘गाठी’बद्दल त्यांना शंका आली. मग त्यांनी जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. बऱ्याच ‘गाठी’ गादीचेच तुकडे निघाल्या. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांनी १९ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. नवे यंत्र नव्हते, नवा नमुनाही लागला नाही. लेबलावर शंका घेतली, एवढेच.

आता मात्र लंबक उलट्या दिशेला गेला. पाठदुखी म्हणजे गादी आणि गादी म्हणजे शस्त्रक्रिया, असे समीकरण रूढ होऊ लागले. पुढे एमआरआय आले आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे कणे पाहिले, तेव्हा २७ टक्के लोकांत गादी बाहेर डोकावत असल्याचे दिसले. मग दाब म्हणजेच दुखणे कसे? १९९३ मध्ये स्वीडनमधील ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या मज्जामुळांवर दाब न देता गाद्यांचा गाभा नुसता ठेवला, तरी मुळांचे संदेशवहन मंदावले. म्हणजे दाबाबरोबर गाभ्यातील रसायने आणि त्यांनी उठणारा दाहही नसेला छळतो.

बाहेर आलेला तुकडा शरीर अनेकदा स्वतःच हळूहळू विरघळवते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. अर्थात लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाय झपाट्याने लुळा पडू लागला, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठायलाच हवे.

प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरची लेबले आपण मुलांकडून पाठ करून घेतो. कधीतरी एखादी बरणी पुढे ठेवून ‘हे नाव कशावरून ठरले असेल?’ असेही विचारावे. बोस्टनच्या त्या दोघांनी नेमके तेच विचारले होते.