सॅन फ्रान्सिस्कोचे फुटलेले नळ आणि भूकंपहानीचे पूर्वानुमान

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहरास भूकंपाचा धक्का बसला; परंतु शहराचा खरा संहार केला तो पुढील तीन दिवसांच्या आगीने. आग विझविण्यास पाणी का मिळाले नाही, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे, की दूरच्या तलावांकडून येणारे मोठे नळ तुटले. ते तुटले हे खरेच. स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनीचा पिलारसिटोस तलावावरून येणारा घडीव लोखंडाचा नळ सॅन अँड्रियास विभंगरेषेस अनेक ठिकाणी छेदून जात होता. तो कोठे फाटला, तर कोठे त्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला. तथापि तलावांचे बांध टिकले, आणि शहरातील वितरण-तलावांतही पाणी शिल्लक होते. तेव्हा कारणाचा शोध शहरातील रस्त्यांखालीच घेतला पाहिजे.

कंपनीचे अभियंते हर्मान शुस्लर यांच्या नोंदीनुसार शहरातील मुख्य नळ सुमारे ३०० ठिकाणी व घरजोडणीचे नळ सुमारे २३,२०० ठिकाणी फुटले. यांपैकी दुसरा आकडा जपूनच वापरावा. ढासळलेल्या इमारतींनी तोडलेले नळही त्यात आले आहेत. मुख्य नळांचे भंग मात्र नकाशावर मांडले असता ते शहरभर सारखे विखुरलेले दिसत नाहीत. पूर्वीच्या दलदलीवर व बुजविलेल्या ओढ्यांवर जेथे भराव घातला होता, तेथे ते एकवटलेले आढळतात. व्हॅलेन्सिया रस्त्याची जमीन अशाच भरावावर खचून सरकली, तेथील मुख्य नळ तुटले, आणि कॉलेज हिल तलावाचे पाणी त्या वाटेने वाहून गेले. १९०८ च्या लॉसन-आयोगाच्या अहवालातील तीव्रतादर्शक नकाशाही याच भूभागांकडे बोट दाखवितो.

पुढे १९७५ साली जपानमध्ये कातायामा, कुबो व सातो यांनी दर किलोमीटरमागील भंगांची संख्या भूमीच्या प्रवेगाशी जोडून दाखविली. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूत्रांत भूमीच्या कंपनाचा वेग आणि तिचे कायमचे सरकणे यांचा हिशेब वेगवेगळा धरला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, जमीन कोठे सरकेल हे ठरविताना माती-परीक्षणाच्या जोडीला जुन्या मोजणीचे नकाशे आणि भरावाच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या आहेत, व तेथे अभियंत्यास इतिहासकाराची गरज भासते. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचे केंद्र शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर असतानाही मरीना भागात शंभरावर नळ फुटले. १९१५ च्या प्रदर्शनासाठी तेथील खाजण बुजविण्यात आले होते. त्या भागात लागलेली आग विझविण्यासाठी अखेर ‘फिनिक्स’ या अग्निशामक नौकेस उपसागराचे पाणी पुरवावे लागले.