मरीआईचा गाडा आणि आपले मुंबईकर

परवा गावच्या जत्रेची बैठक झाली. कुस्तीच्या मैदानात पहिल्या नंबरचं इनाम कोण देणार, असा विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना मुंबईकरांकडं वळल्या. दरवर्षी वळतात. माण-खटाव घ्या, पाटण-जावळी घ्या, नाहीतर खानापूर-आटपाडी. देवळाचा कळस, जत्रेची वर्गणी, शाळेच्या खोलीवरचा पत्रा, यातलं बरंचसं बाहेर राहणाऱ्यांच्या पैशातून झालंय. कुणाचा बाप गिरणीत होता, कुणी माथाडी आहे, विट्याकडचा माणूस गलाईच्या धंद्यात देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात सोनं-चांदी गाळत बसलाय.

बैठकीत बसल्या बसल्या मला मे २०२० आठवला. याच वेशीत आपण बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. याच माणसांना अडवायला.

सुरुवात कशी झाली ते आठवून बघा. २२ मार्चला थाळ्या वाजल्या. २३ मार्चला इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातले चार जण पॉझिटिव्ह आल्याची बातमी आली. २४ ला रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून देश बंद. इस्लामपूरचा आकडा वाढत २६ पर्यंत गेला. संपर्कातली माणसं शोधणं, भाग सील करणं, रुग्णांना मिरजेत हलवणं, हे तिथं नेटानं झालं आणि साखळी तुटली. ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून त्याचं कौतुकही झालं. पण त्या दिवसांत आपल्या मोबाईलवर काय फिरत होतं? रोगाची माहिती कमी, आणि ‘कुणामुळं आला’ हेच जास्त.

हे ‘कुणामुळं आला’ आपल्याकडं फार जुनं आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. लोक जीव घेऊन गावाकडं पळाले. पुण्याहून मिरजेकडं जाणारी रेल्वे तेव्हा नवीनच होती, आणि माणसांबरोबर रोगही गाडीत बसला. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, आणि त्याचं सांगली हे नाव पडलं १९६० ला. इंग्रज सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. रेल्वेनं येणाऱ्यांची तपासणी करा, संशयिताला वेगळं ठेवा, असं त्यात लिहिलंय. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच कायदा. १२३ वर्षांनी. हातावर शिक्का, शाळेत चौदा दिवस, नाक्यावर पोलीस. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत शिरून जी जबरदस्ती झाली, तिचा शेवट जून १८९७ मध्ये रँडवरच्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलोय. पण गावानं गावाशी काय केलं, ते पुस्तकात नाही.

माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. उंदीर पडायला लागले की सगळं गाव रानात झोपड्या टाकून राहायचं. त्याच्याही आधीपासून, पटकीच्या साथीपासून, मरीआईचा गाडा होता. लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबू-नारळ. वाजतगाजत न्यायचा आणि दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून यायचा. त्या गावानं तो पुढच्या शिवेत ढकलायचा. रोग बरा करायचा इलाज कुणाकडंच नव्हता, म्हणून तो शेजाऱ्याकडं सरकवायचा. त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये आपल्याकडं दवाखाना होता, स्मार्टफोन होता, तरी आपण गाडाच ढकलला. फक्त गाड्यात देवीच्या जागी माणसं बसवली.

त्याच १८९७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं वेगळं काही केलं होतं. नायगावच्या सावित्रीबाई. वय ६६. मुलगा डॉ. यशवंत यानं पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या वारल्या. ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो तो पहिल्या शिक्षिका म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण २०२० च्या मे महिन्यात त्यांची ही दुसरी गोष्ट आठवायला पाहिजे होती. मलासुद्धा आठवली नाही.

आता माझं सांगतो. त्या मे महिन्यात मी एक बातमी दिली होती. ‘मुंबईहून आलेल्यामुळे गाव सील’. नाव दिलं नव्हतं, पण आळी दिली होती. आमच्यासारख्या गावात आळी दिली की नाव दिल्यासारखंच असतं. दुसऱ्या दिवसापासून त्या घराला दूध बंद झालं. पंधरा दिवसांनी माणूस बरा होऊन आला, त्याची बातमी मी दिली नाही. कुणी मागितलीही नव्हती.

दिल्लीतही असंच झालं. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं गेलं, घरी परतताना किती मजूर मेले? सरकारनं लेखी उत्तर दिलं, अशी माहिती उपलब्ध नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्याचा खड्डा १९२१ च्या जनगणनेत दिसला. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं त्याच एका दशकात झालं. परक्या सरकारनं निदान मोजलं तरी. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना २०२१ ला पहिल्यांदा चुकली.

दुसऱ्या लाटेत आपल्या सातारा-सांगलीनं काय भोगलं, ते सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात बाकी ठिकाणी सूट मिळाली, तरी निर्बंध राहिलेल्या ११ जिल्ह्यांत आपले दोन्ही होते. दोन वर्षं जत्रा नाहीत. जत्रा नाही म्हणजे मैदान नाही, मैदान नाही म्हणजे पैलवानाला खुराकाचे पैसे नाहीत. कितीतरी पोरं तालीम सोडून रोजगारावर गेली. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा उचलली, तेव्हा गर्दीत मीही होतो. खांद्याला खांदा लागत होता आणि कुणी मागं सरकत नव्हतं. बरं वाटलं. त्याच बरं वाटण्यात आपण सगळं विसरलोही.

तर परवाची बैठक. ज्याचं दूध आपण बंद केलं होतं, तो माणूस कोपऱ्यात बसला होता. पहिल्या नंबरचं इनाम त्यानंच जाहीर केलं. उठताना मी त्याच्याजवळ गेलो, म्हटलं, ‘दादा, त्या टायमाची ती बातमी...’ तो म्हणाला, ‘कात्रण आईनं ठेवलंय. ये की एकदा घरी चहाला.’ अजून गेलो नाही. या आठवड्यात जाणार आहे.

जत्रा कमिटीला मी एक सुचवलंय. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गावातले, आणि गावाबाहेर राहणारे आपले, किती गेले, कोण गेले, याची वही करायची. मुंबईत गेलेलाही त्यात, परराज्यात गलाईवर गेलेलाही त्यात. दिल्ली मोजेल तेव्हा मोजेल. तुमच्या गावात अशी वही झाली असेल तर खाली सांगा. नसेल झाली तर या जत्रेत सुरू करा, त्या दिवशी सगळी माणसं गावात असतात.