परभाषेचें ऋण



धर्मप्रसारासाठीं परमुलखांत जाणाऱ्या पतिपत्नींनीं आधीं तेथील भाषा शिकावी, हा ख्रिस्ती मिशनांचा जुना परिपाठ आहे. दक्षिण अमेरिकेंत जावयाचें झाल्यास असें जोडपें बहुधा स्पॅनिश शिकतें. त्या भाषेचें व्याकरण नेब्रिखा नांवाच्या पंडितानें सन १४९२ मध्येंच छापून प्रसिद्ध केलें होतें. त्यामुळें शिकणारास मळलेली वाट सांपडते. आपली मराठी शिकावयास सन १८२९ मध्यें एक स्कॉच दांपत्य आलें, त्याच्या नशिबीं अशी वाट नव्हती. त्या दांपत्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

जॉन विल्सन यांचा जन्म सन १८०४ चा, स्कॉटलंडांतील लॉडर गांवचा. त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई ग्रीनॉक येथील. त्यांचा जन्म सन १७९५ चा, म्हणजे वयानें त्या पतीहून वडील. ऑगस्ट १८२८ मध्यें विवाह झाला आणि फेब्रुवारी १८२९ मध्यें दोघें मुंबईस उतरलीं. पेशवाई बुडून तेव्हां पुरतीं अकरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. मुंबईंत इंग्रजीवर निभावून नेतां आलें असतें. पण तीं दोघें मराठी शिकण्यासाठीं कोंकणांत बाणकोट व हर्णै येथें जाऊन राहिलीं.

साधनें काय होतीं? श्रीरामपूरच्या केरीसाहेबांचें व्याकरण सन १८०५ चें आणि कोश सन १८१० चा. या कामीं त्यांना वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. मुंबईंत केनेडीसाहेबांचा कोश सन १८२४ मध्यें निघाला होता. मोल्सवर्थचा कोश सन १८३१ मध्यें निघावयाचा होता, आणि दादोबा पांडुरंगांचें व्याकरण सन १८३६ मध्यें. अशा स्थितींत पुस्तकापेक्षां माणसाच्या तोंडाकडेच अधिक पाहावें लागे.

परकी मनुष्यास मराठी कोठें अडविते, हें शाळामास्तरास विचारावें. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत अक्षर एकच, उच्चार दोन. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिण्यांत भेद नाहीं, बोलण्यांत आहे. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’. खाणारा तोच, पण क्रियापद खाद्यवस्तूच्या मागें धांवतें. सर्वांत बिकट म्हणजे लिंग. आमचें मंद्रूप सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. या सीमेवर कित्येक मुलांच्या घरीं कानडी आणि शाळेंत मराठी. कानडींत निर्जीव वस्तु नपुंसकलिंगी. इंग्रजींतहि बहुधा तसेंच. म्हणून ‘भिंत पडली’ पण ‘दगड पडला’ कां, हा प्रश्न आमच्या कानडी मुलास पडतो, तोच त्या स्कॉच पंडितासहि पडला असला पाहिजे. मुलाची चूक खेळतांना सुधारते. पंचविशीच्या मनुष्यास ती घोकून सुधारावी लागते. शिवाय ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील चूक व्याकरणाची नसून वागणुकीची ठरते, आणि ती ऐकणाऱ्याच्या मनाला लागते.

त्याच वर्षाच्या अखेरीस दोघें मुंबईस परतलीं, तोंवर विल्सनसाहेब मराठींत उपदेश करूं लागले होते. मार्गारेटबाईंनीं त्या भाषेचा उपयोग मुलींच्या शाळा काढण्याकडे केला. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा मुंबईंत सन १८२४ पासून होती, तरी मुलीनें अक्षर गिरविणें हें लोकांस अद्याप अशुभ वाटे. अशा घरांतून मुलगी मागून आणावयाची, तर आईशीं बोलावें लागतें. आणि आईची मराठी शास्त्र्याच्या मराठीहून वेगळी. ती कोशांत सांपडत नाहीं, ओटीवर बसूनच शिकावी लागते. बाईंच्या या खटपटींतून निघालेली शाळा पुढें सेंट कोलंबा या नांवानें गांवदेवींत नांदूं लागली. बाई मात्र एप्रिल १८३५ मध्यें मुंबईसच वारल्या. या देशांत त्यांना अवघीं सहा वर्षें मिळालीं.

आतां दुसरी बाजू. हीं दोघें मराठी शिकलीं तीं आपल्या लोकांस ख्रिस्ती करण्यासाठीं, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. विल्सनसाहेबांनीं हिंदु धर्मावर टीका केली, तेव्हां मोरभट दांडेकर यांनीं सन १८३१ मध्यें त्यांच्याशीं वाद केला आणि मराठींत ग्रंथ लिहून उत्तर दिलें. सन १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचे धाकटे बंधु श्रीपत यांस स्वधर्मांत परत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं लोकनिंदा सोसली. घरें दुभंगलीं, आईबापांनीं अश्रु ढाळले. शाळेचें पुण्य दाखवून हें दुःख पुसतां येत नाहीं. आणि दुःखाकडे बोट दाखवून शाळाहि पुसतां येत नाहीं.

तथापि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जो दुसऱ्याच्या भाषेंत वाद मांडतो, तो त्याच भाषेंत उत्तर ऐकून घेण्यास बांधला जातो. मोरभटांस इंग्रजी शिकावी लागली नाहीं. साहेबांसच मराठींत उभें राहावें लागलें. सत्ता इंग्रजांची असतां वादाचें मैदान मात्र आमचें राहिलें. या झटापटींत मराठी गद्यास तर्काची आणि खंडनमंडनाची संवय लागली, हा लाभ दोन्ही पक्षांच्या मनांत नसतां झाला.

सन १८५७ मध्यें मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. मराठीचे घटक, तिचा प्रसार आणि उपयोग यांविषयींचा त्यांतील प्रास्ताविक निबंध विल्सनसाहेबांचा आहे. बाणकोटास मुळाक्षरें गिरविणारा मनुष्य अठ्ठावीस वर्षांनीं त्या भाषेच्या मोठ्या कोशाच्या दारांत उभा राहून तिची ओळख करून देत होता. पुढें ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि सन १८७५ मध्यें मुंबईसच त्यांनीं देह ठेविला. आपणांस बदलावयास आलेल्या त्या मनुष्याचें अर्धें आयुष्य आपल्या भाषेनें घेतलें.

ज्या शास्त्र्यांनीं आणि शेजारणींनीं या दांपत्याची जीभ वळविली, त्यांस कोशाच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली नाहीं. पण भाषा कोणी एकटा शिकत नसतो. शिकणाऱ्याइतकाच शिकविणाऱ्याचा धीर तेथें खर्ची पडतो. सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस हें रोजच्या व्यवहारांतून कळतें. शेजाऱ्याची भाषा कोणत्याहि हेतूनें शिका. ती एकदां जिभेवर बसली कीं शेजाऱ्याचें म्हणणें ऐकून घेण्याचें ऋण आपल्या माथीं येतें. विल्सन दांपत्यानें तें किती फेडलें, याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा. आपल्या बाजूचें ऋण फेडणें मात्र आपल्या हातीं आहे.